शेवटची गाडी साडेपाचची, मग मैदान कुणासाठी?

खानदेशातल्या कुठल्याही कॅम्पसवर विद्यार्थी दोनच जातीचे असतात: होस्टेलवाले आणि अप-डाऊनवाले. मी अप-डाऊनवाला होतो. आमच्या कॅम्पसवर (नाव घेत नाही) टेबल टेनिसची दोन कोरी टेबलं आली. हॉलच्या दारावर पाटी लागली, 'वेळ सायंकाळी ५ ते ७'. आमची शेवटची सोयीची एसटी गाडी साडेपाचची. दोन वर्षांत त्या टेबलावर मी एकूण तीन वेळा खेळलो, तेही गाडी चुकली म्हणून.

पुढे विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून आणि नंतर एका समितीवर याच कामात पडलो, तेव्हा लक्षात आलं की वाहतूक आणि करमणूक या दोन फायली वेगळ्या टेबलांवर फिरतात, पण प्रश्न एकच आहे. शेवटची गाडी सुटली की मैदान आपोआप बंद होतं. त्यामुळे क्रीडा साहित्याची खरेदी असो की बसची मागणी, दोन्हीची सुरुवात वेळापत्रकापासून करावी लागते. हा लेख विद्यार्थी प्रतिनिधी, प्राध्यापक आणि कार्यालयातली मंडळी यांच्यासाठी आहे. जळगावचं कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १९९० मध्ये सुरू झालं. जळगाव, धुळे आणि नंदुरबार असे तीन जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. पण इथलं बहुतेक सगळं अमळनेर, शिरपूर, फैजपूर किंवा शहाद्याच्या कॉलेजलाही लागू पडेल.

आधी मोजा, मग मागा

चाळीस प्रश्नांची गूगल फॉर्मची प्रश्नावली काढू नका. ती होस्टेलवाले निवांत बसून भरतात. अप-डाऊनवाला तेव्हा गाडीत एका पायावर उभा असतो. त्यापेक्षा माणसं उभी करा. एनएसएसचे स्वयंसेवक किंवा 'कमवा व शिका' योजनेत काम करून शिकणारी चार पोरं गेटवर आणि थांब्यावर बसवा, आणि दर पंधरा मिनिटांनी चार आकडे लिहायला सांगा: किती आले, किती गेले, कोणत्या दिशेला गेले, आणि गाडी भरली म्हणून किंवा थांबली नाही म्हणून किती मागे राहिले. हा चौथा आकडा सगळ्यात मोलाचा. एसटीकडे तिकिटांचा हिशोब असतो. तिकीट न काढता थांब्यावर राहिलेल्या माणसाचा हिशोब कुणाकडेच नसतो.

तीन दिवस पुरतात, पण दिवस नीट निवडा. एक साधा दिवस, एक शनिवार, आणि ज्या तालुक्याकडून जास्त मुलं येतात तिथल्या आठवडे बाजाराचा दिवस. बाजाराच्या दिवशी गाडी गावातूनच पिशव्या, टोपल्या आणि आजीबाईंसकट भरून येते. प्रवेशाच्या गर्दीत किंवा परीक्षेच्या काळात मोजू नका. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये एकदा आणि मार्चच्या मध्यावर ऊन तापलं की पुन्हा एकदा मोजा. दोन्ही वेळची चित्रं इतकी वेगळी निघतात की एकाच कॅम्पसची आहेत असं वाटत नाही.

याच्या जोडीला पाच प्रश्नांचा एक कागद ठेवा. गाव कोणतं, घरून किती वाजता निघता, इथे किती वाजता पोचता, परतीची शेवटची गाडी कोणती. आणि पाचवा: शेवटची गाडी एक तास उशिरा असती तर त्या तासात काय केलं असतं? आमच्याकडे मुलांनी अपेक्षेप्रमाणे क्रिकेट, व्हॉलीबॉल लिहिलं. मुलींनी सगळ्यात जास्त लिहिलं 'लायब्ररी', आणि त्याखाली 'मैत्रिणींबरोबर नुसतं बसणं'. नुसतं बसणं हीसुद्धा करमणूकच आहे, आणि तिला जागा लागते. हे आमच्या समितीतल्या कुणालाच आधी सुचलं नव्हतं.

एसटीकडे काय मागायचं, कोणत्या क्रमाने

बहुतेक निवेदनं एकाच वाक्यावर येऊन थांबतात: 'विद्यार्थ्यांची गैरसोय होत आहे, तरी नवीन बस सुरू करावी.' आगार व्यवस्थापकाच्या टेबलावर अशी निवेदनं गठ्ठ्याने असतात. नव्या फेरीला गाडी लागते, चालक-वाहकाची ड्युटी लागते, किलोमीटर वाढतात, आणि भारमान (गाडी किती भरली त्याचं प्रमाण) मिळालं नाही तर जाब त्यालाच द्यावा लागतो. म्हणून मागणी स्वस्तातून महागाकडे न्या.

सगळ्यात स्वस्त मागणी थांब्याची. महामार्गावरून आधीच धावणाऱ्या गाड्यांना कॅम्पसच्या गेटसमोर विनंती थांबा किंवा अधिकृत थांबा मिळवा. इथे एक गोम आहे. समोरून जाणारी गाडी तुमच्या गावच्या आगाराची असेलच असं नाही. जळगाव–धुळे रस्त्यावर जळगावची गाडी असते, एरंडोलची असते, धुळ्याचीही असते. आणि धुळे जिल्ह्याबरोबर नंदुरबार जिल्ह्यातली आगारंही एसटीच्या धुळे विभागात येतात. त्यामुळे पत्र एकाच आगाराला देऊन भागत नाही. जळगाव आणि धुळे अशा दोन्ही विभाग नियंत्रकांना द्यावं लागतं. थांबा मंजूर होऊनही गाडी थांबत नसेल, तर भांडत बसू नका. आठवडाभर वहीत गाडीचा क्रमांक, वेळ आणि दिशा लिहा, आणि त्या पानाची झेरॉक्स जोडून पत्र द्या. 'गाड्या थांबत नाहीत' या तक्रारीचं काही होत नाही, पण क्रमांकासकट अकरा नोंदी दिल्या की ज्याच्या ड्युटीत गाडी होती त्याला उत्तर द्यावं लागतं.

दुसरी मागणी वेळ बदलण्याची. आहे तीच फेरी पंधरा-वीस मिनिटं पुढे-मागे करणं आगाराला बहुतेक वेळा परवडतं. पण त्याआधी आपलंच वेळापत्रक तपासा. शेवटचा तास ५.२० ला सुटतो आणि गाडी ५.१५ ला जाते, तर चूक एसटीची की आपली? प्रात्यक्षिकं असणारे विभाग आणि बाकीचे विभाग यांच्या सुटण्याच्या वेळा अर्ध्या तासाने वेगळ्या केल्या, तर एकाच गाडीवर पडणारी झुंबड दोन गाड्यांवर वाटली जाते. या बदलाला एक रुपया लागत नाही. विभागप्रमुखांची एक बैठक मात्र लागते, आणि खरं सांगायचं तर एसटीला पटवणं त्यापेक्षा सोपं असतं.

तिसरी मागणी आहे त्या फेरीला वळसा घालून आत आणण्याची, आणि नवी फेरी सगळ्यात शेवटी. वळशासाठी किती किलोमीटर वाढतात, आत गाडी वळवायला मोकळी जागा आहे का, हे आपणच मोजून नकाशासकट द्या. पत्र प्राचार्यांच्या किंवा कुलसचिवांच्या लेटरहेडवर असू द्या, आणि मोजणीचा तक्ता सोबत.

पासचंही काम याच भेटीत उरका. विद्यार्थी मासिक पासला एसटी ६६.६७ टक्के सवलत देते, म्हणजे विद्यार्थ्याला तिसरा हिस्साच भरावा लागतो. पण आगारातल्या खिडकीसमोर रांगेत उभं राहायला एक दिवस खाडा करावा लागतो. सत्राच्या सुरुवातीला दोन दिवस कॅम्पसवरच पास वाटायला माणूस पाठवा, अशी लेखी मागणी करा. मुलींच्या बाबतीत जरा हिशोब करून बघा. १७ मार्च २०२३ पासून महिलांना तिकिटातच ५० टक्के सवलत आहे. आठवड्यातून दोन-तीन दिवसच येणारी पदव्युत्तर वर्गातली मुलगी असेल, तर पासपेक्षा रोजचं अर्धं तिकीट स्वस्त पडू शकतं.

एक इशारा, कारण आम्ही इथेच फसलो होतो. कॅम्पसवरून संध्याकाळची गाडी उशिरा करून घेतली, पण पुढे तालुक्याच्या स्टँडवरून गावाकडे जाणारी मुक्कामी गाडी तोवर निघून जायची. आधी पोरं कॅम्पसच्या थांब्यावर ताटकळायची, आता स्टँडवर ताटकळायला लागली. मुलींसाठी तर ते जास्तच वाईट. म्हणून कॅम्पसची वेळ बदलण्याआधी प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणाहून गावोगावी जाणाऱ्या शेवटच्या गाडीची वेळ एका कागदावर लिहून काढा. तो कागद सांगेल की तुम्हाला नेमका किती वेळ वाढवता येतो. अमळनेर-धरणगावकडच्या मुलांसाठी जळगाव–उधना रेल्वेमार्गावरच्या पॅसेंजर गाड्यांच्या वेळाही त्यातच लिहा.

गेटपासून वर्गापर्यंत

कॅम्पस मोठा असेल तर गेटवर उतरल्यावर खरा प्रवास सुरू होतो. साधारण चालीने एक किलोमीटरला बारा मिनिटं लागतात. डिसेंबरात ते मजेत जातात. एप्रिलात ४४-४५ अंशांच्या उन्हात डोक्याला उपरणं गुंडाळून तेवढंच चाललं की पहिला तास घाम पुसण्यात जातो.

यावर पहिला सुचणारा उपाय म्हणजे ई-रिक्षा. घ्या, पण आकडेमोड करून घ्या. नियमानुसार ई-रिक्षात चालक सोडून चारच प्रवासी बसतात आणि वेग ताशी २५ किलोमीटरपर्यंतच असतो. जाऊन-येऊन, चढ-उतारासकट एका खेपेला बारा मिनिटं धरली तर तासाला पाच खेपा, म्हणजे एका रिक्षात तासाला वीस माणसं. सकाळी अर्ध्या तासात दोनशे मुलं उतरत असतील तर वीस रिक्षा लागतील. कोण घेऊन देणार? तेव्हा सकाळची गर्दी ई-रिक्षाने उपसायचा नाद सोडा. ती गर्दी वाहण्यासाठी एसटीच आत यायला हवी, किंवा सावलीचा रस्ता हवा. ई-रिक्षा ठेवा ती अपंग विद्यार्थी, आजारी, गरोदर कर्मचारी आणि दुपारच्या सुट्या-सुट्या येणाऱ्यांसाठी. त्यांना पहिला हक्क असल्याची पाटी गाडीवरच रंगवा. चार्जिंग रात्री आणि छपराखाली करा. लेड-ॲसिड बॅटरी उन्हात तापवली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं.

किती गाड्या लागतील याचं सूत्र सोपं आहे. एका फेरीला लागणारी मिनिटं भागिले दोन गाड्यांमधलं हवं ते अंतर. फेरी २४ मिनिटांची आणि दर आठ मिनिटांनी गाडी हवी असेल तर तीन गाड्या, शिवाय एक राखीव. चालकाच्या जेवणाचा वेळ त्यात धरा. तो न धरल्यामुळे दुपारी एक ते दोन गाडीच नाही, असं सर्रास होतं.

सायकलींबद्दल मी जरा कडवट आहे. एका कॅम्पसवर मोठ्या थाटात सायकली आल्या, फीत कापली, फोटो निघाले. पावसाळ्यानंतर वेड्या बाभळीच्या काट्यांनी एकूण एक ट्यूब फाटली आणि सायकली स्टँडवर गंजत पडल्या. सायकली आणायच्याच असतील तर पंक्चर काढणारा माणूस आधी ठरवा. 'कमवा व शिका'तल्या दोन मुलांना पंपासकट रोज एक तास द्या, रस्त्याकडेची बाभूळ वर्षातून दोनदा उपटा. एवढं जमणार नसेल तर त्या पैशातून झाडं लावा.

झाडांचं मी गमतीने म्हणत नाही. गेटपासून मुख्य इमारतीपर्यंत कडुनिंब आणि करंज सात-आठ मीटरवर लावले तर काही वर्षांत चांगली सावली मिळते. तोवर जिथे चढ आहे तेवढ्याच टप्प्यावर शेडनेट टाका. ठिबकच्या नळ्या जगभर पाठवणाऱ्या जळगावात झाडं टँकरवर जगवताना पाहिली की हसू येतं. रोपांबरोबरच ठिबकचंही अंदाजपत्रक काढा. झाडं रस्त्याच्या दक्षिण आणि पश्चिम बाजूला दाट लावा, कारण दुपारचं ऊन तिकडून येतं.

हाच नियम बसथांब्याला. पश्चिमेला तोंड करून बांधलेला पत्र्याचा थांबा म्हणजे भट्टी. पाठ पश्चिमेकडे घ्या, छत पुढे ओढा, पत्र्यावर चुन्याचा जाड हात मारा, शक्य असेल तर खाली तुराट्यांचं आच्छादन बांधा. बाजूला माठांची पाणपोई ठेवा, आणि माठ रोज कोण भरणार त्याचं नाव लिहून ठेवा. अपंगांसाठी उतार करताना बाराला एक हे प्रमाण सोडू नका: एक फूट उंची चढायला बारा फूट लांबी. मिस्त्री 'साहेब, सहा फुटात बसवतो' म्हणतो. बसवू देऊ नका.

थांब्यावर वेळापत्रक मोठ्या अक्षरात लावा. गाडी कुठे आहे हे कळायला महागडं ॲप लागत नाही. कॅम्पसच्या गाडीवरच्या चालकाने सकाळी व्हॉट्सॲप ग्रुपवर आठ तासांचं लाइव्ह लोकेशन सुरू केलं की काम झालं. फक्त त्या ग्रुपवर ॲडमिनशिवाय कुणाला लिहू देऊ नका, नाहीतर सुप्रभातच्या फुलांखाली गाडी सापडत नाही.

मैदान, खोली आणि किल्ली

वेळेचं गणित बसलं की आता करमणूक. खानदेशात मार्चअखेरीपासून पाऊस पडेपर्यंत मैदान सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी साडेसहानंतरच वापरता येतं. म्हणजे वर्षातले तीन महिने दिव्याशिवाय मैदान होस्टेलवाल्यांनाही पहाटेच मिळतं. सगळं मैदान उजळवत बसू नका. एक व्हॉलीबॉलचं (१८ × ९ मीटर) आणि एक कबड्डीचं (१३ × १० मीटर) अशी दोन मैदानं शेजारी शेजारी घेऊन तेवढ्यावरच एलईडी दिवे लावा. कमी पैशात जास्त पोरं खेळतात.

आणि माती बघा. आपली काळी माती कापसाला चांगली, मैदानाला नाही. उन्हाळ्यात तिला पाय अडकतील अशा भेगा पडतात, पावसात चार-पाच दिवस चिखल हटत नाही. वरचा थर काढून मुरूम अंथरा, रोलर फिरवा, वर चाळलेली माती टाका आणि शंभरला एक असा उतार बाहेरच्या चारीकडे ठेवा. हे काम मे महिन्यात उरकलं तरच जुलैत मैदान हाती लागतं.

आता अप-डाऊनवाल्यांचं. त्यांची संध्याकाळ कितीही ओढली तरी फार वाढत नाही. त्यांच्याकडे वेळ असतो तो दुपारचा, तास आणि प्रात्यक्षिकाच्या मधला. तेव्हा ते कुठे असतात? जिन्यात, पार्किंगमध्ये, कँटीनच्या कट्ट्यावर एका चहावर दोन तास. माझ्या मते कॅम्पसवरची सगळ्यात उपयोगी करमणुकीची सोय म्हणजे एक थंड खोली. कूलर, डबा खायला लांब टेबलं, भाकरी खाऊन हात धुवायला बेसिन, मोबाइल चार्जिंग, दोन कॅरम, चार बुद्धिबळाचे पट, वर्तमानपत्रं. शेजारी तशीच मुलींची खोली, शौचालयाला लागून. आणि भाड्याने नव्हे तर फुकट वापरायचे पंचवीस-तीस लॉकर. बूट, रॅकेट, ट्रॅकपँट रोज गाडीच्या गर्दीत आणणं शक्य नसतं. लॉकर मिळाला तर तोच मुलगा खेळायला उतरतो.

बॅडमिंटनचा हॉल असेल (कोर्ट १३.४ × ६.१ मीटर) तर दुपारचा १ ते ३ वेळ अप-डाऊनवाल्यांसाठी राखा, संध्याकाळ होस्टेलवाल्यांना द्या. यावरून थोडी कुरबुर होईल, होऊ द्या.

यानंतरचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण सगळं त्यावर अडतं: किल्ली कुणाकडे? साहित्य कपाटात, कपाटाची किल्ली सरांकडे, सर स्पर्धेसाठी परगावी. असं झालं की लाखाचं साहित्य असून नसल्यासारखं. साहित्य ओळखपत्र ठेवून तासावर द्या, वहीत सही घ्या, आणि वहीवर बसायला पाळीने दोन विद्यार्थी नेमा. चेंडू हरवतील, शटल तुटतील. तो खर्च वर्षाच्या सुरुवातीलाच धरून ठेवा. जपून ठेवलेलं साहित्यही उंदीर खातातच.

युवारंगच्या (विद्यापीठाच्या युवक महोत्सवाच्या) तयारीचे आठवडे वेगळे हाताळावे लागतात. पथनाट्य, समूहगान, लोकनृत्याची तालीम संध्याकाळीच होते, आणि अप-डाऊनवाली गुणी पोरगी गाडीसाठी तालीम सोडते किंवा संघात नावच देत नाही. तारखा कळल्या की लगेच आगाराला तेवढ्याच आठवड्यांपुरत्या उशिराच्या गाडीचं पत्र द्या. ते नाही जमलं तर प्रासंगिक करारावर (म्हणजे एसटीची गाडी भाड्याने ठरवून) गाडी घेऊन खर्च सांस्कृतिक निधीतून करता येतो का ते बघा.

पैसे आणि कागद

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये विद्यार्थी विकास मंडळ आहे, क्रीडा व शारीरिक शिक्षण मंडळ आहे. संलग्न कॉलेजात महाविद्यालय विकास समिती असते. तुमचा प्रस्ताव यांच्यापैकी कुणाच्या तरी कार्यक्रमपत्रिकेवर गेला पाहिजे, नुसता साहेबांच्या केबिनमध्ये नाही. आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं, अर्थसंकल्प त्याआधी अधिसभेपुढे (सिनेटपुढे) येतो. म्हणजे कागद नोव्हेंबर-डिसेंबरात आत गेला पाहिजे. फेब्रुवारीत निवेदन देऊन घोषणा देणाऱ्यांना पुढच्या वर्षी बघू असं उत्तर मिळतं, आणि ते पुढच्या वर्षी पास होऊन निघून गेलेले असतात.

जिमखाना फी म्हणून किती जमा झाले आणि कशावर खर्च झाले, हे आधी गोडीत विचारा. उत्तर नाही मिळालं तर सरकारी किंवा अनुदानित संस्थेत माहिती अधिकाराचा अर्ज आहेच. दहा रुपये फी आणि ३० दिवसांची मुदत.

समिती पाच-सहा जणांचीच ठेवा. त्यात रोज अप-डाऊन करणारी एक मुलगी, गाडीचा चालक आणि गेटवरचा वॉचमन असलेच पाहिजेत. कोणती गाडी किती वाजता खरोखर येते, हे वॉचमनइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

बदल आधी सहा आठवड्यांच्या चाचणीवर करा. एसटीलाही 'सहा आठवडे चालवून बघा, भारमान नाही आलं तर बंद करा' म्हटलं की होकार लवकर येतो. पण मग त्या सहा आठवड्यांत गाडी भरायची जबाबदारी आपली. उशिराची गाडी पहिल्या आठवड्यात रिकामीच जाते, कारण ती आहे यावर कुणाचा विश्वास नसतो. त्या आठवड्यात मुद्दाम सामने लावा, लायब्ररी उशिरापर्यंत उघडी ठेवा, आणि समितीतल्या लोकांनी स्वतः त्याच गाडीने जावं. रोजचे प्रवासी मोजून शुक्रवारी आकडा आगाराला फोनवर कळवा.

चाचणी कधी सुरू करायची तेही कॅलेंडर बघून ठरवा. श्रावणात कानबाई (खानदेशातली देवी) बसते तेव्हा, पोळ्याला, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) अर्धा कॅम्पस गावाला गेलेला असतो. त्या आठवड्यातले आकडे तुमच्याच विरोधात जातील. होळीला उलट. अक्कलकुवा, धडगावकडची होस्टेलमधली मुलं काठी गावच्या होळीसाठी एकाच दिवशी निघतात आणि नंदुरबार-शहाद्यानंतर पुढच्या गाडीला लोंबकळत जातात. त्यांची नावं आणि गावं महिनाभर आधी लिहून घ्या आणि जादा गाडीची मागणी जळगावबरोबर धुळे विभागाकडेही पाठवा.